साहेबांच्या निरोपाला मानपत्र की आठवणींची वही?

सरकारी कचेरीत निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी असते, म्हणजे तारीख आधीपासून ठाऊक असते. तरी वर्गणी निघते आदल्या आठवड्यात! तेवढाच वेळ असेल तर मानपत्र बरं. एकाने दीडशे शब्दांचा मजकूर लिहायचा, दुसऱ्याने नाव, पदनाम आणि रुजू झाल्याची तारीख सेवापुस्तकाशी ताडायची, मग ए-३ आकारात छापून फ्रेम. चुका होतात त्या नेमक्या पदनामात, आणि काच बसल्यावर दुरुस्ती नाही. शिवाय ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ’ हे कुणालाही लागू पडतं.

वहीला तीन आठवडे हवेत. सुटी पानं वाटा, माणशी एक, आणि डाव्या कडेला दीड इंच मोकळं सोडायला सांगा, नाहीतर बांधणीत अक्षरं जातात. कागद जाड घ्या, बॉलपेनने लिहा. जेलची शाई फरफटते. फोटोंना पातळ गोंद नको, पान सुरकुततं. बदलून गेलेल्यांची पानं टपालाने मागवा. उशीर तिथेच होतो.

खर्चात फारसा फरक नाही. सभागृहात वाचून दाखवायचं असेल तर मानपत्र. ज्यांनी हाताला धरून टिपणी लिहायला शिकवलं, त्यांना वही.