रात्रीची वेणी की कर्लिंग आयर्न?

कमरेपर्यंत केस असलेल्या भाचीचा प्रश्न: "मावशी, जरा विस्कटलेले वाटतील असे कुरळे केस हवेत. वेण्या घालून झोपू, की कर्लिंग आयर्न घेऊ?"

कर्लिंग आयर्न म्हणजे बट गुंडाळायची तापणारी दांडी. दोन्हींमागचं तत्त्व एकच. पाण्याने किंवा उष्णतेने केसांतले हायड्रोजन बंध (केसाचा आकार धरून ठेवणारे नाजूक दुवे) सुटतात आणि वाळताना किंवा थंड होताना नव्या आकारात जुळतात. म्हणूनच दमट हवेत दोन्हींचा कुरळेपणा उतरतो.

केसांच्या तब्येतीसाठी वेणीच सरस. फक्त केस ओलेचिंब नकोत, हाताला जेमतेम दमट लागावेत. नाहीतर जाड वेणीचा गाभा सकाळीही ओला राहतो आणि सोडताच ती बट सरळ होते. आयर्नला मात्र केस पूर्ण कोरडेच हवेत. ओल्या केसात पाण्याची वाफ होऊन केस आतून फुटतो. पातळ केसांना 150 अंश सेल्सिअस पुरतात.

कष्ट म्हणाल तर वेणीला दहा मिनिटं आणि एक रात्र. लांब केसांना आयर्न लावताना खांदे भरून येतात.

पण आकारात आयर्न पुढे. वेणीची लाट नागमोडी, मुळापाशी चपटी. आयर्नने एक बट चेहऱ्याकडे, पुढची उलट वळवायची, टोकं दोन बोटं सरळ सोडायची. बट गार झाली की बोटांनीच मोकळी करायची, कंगवा नको. तो सुंदर विस्कटलेपणा वेणीत येत नाही.

वरचेवर करायचं असेल किंवा केस रंगवलेले असतील, तर वेणी. केस हट्टी सरळ असतील आणि एखाद्याच समारंभापुरतं हवं असेल, तर आयर्न.