मीटिअर ३५०: मागच्या सीटवरून पास झालेली बाईक

आधीच सांगतो, ही रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५० मी नाही निवडली, बायकोनं निवडली. मी यूट्यूब बघून बघून डॉमिनार फायनल करून बसलो होतो, आपल्या आकुर्डीच्या बजाजची, ३७३ सीसी, ४० पीएस पॉवर, खंबाटकी घाट चढताना ट्रक मागं टाकायला अजून काय पाहिजे? टेस्ट राईडला मॅडम मागं बसल्या आणि पाच मिनिटांत म्हणाल्या, "तू पुढं मजा मारणार आणि मी मागं फांदीवरच्या माकडासारखी." विषय संपला.

रॉयल एनफिल्डचीच हिमालयन ४५० पण बघितली. गाडी एक नंबर, पण सीट ८२५ मिमी उंच, माझी उंची साडेपाच फूट, एकटा असलो तर कसंतरी जमतं, पण मागचं माणूस पाय टाकून चढत असतं तेव्हा तोल सांभाळायचा म्हणजे जीव मुठीत. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर थेट ४०, त्यामुळं खिशानंही मत मीटिअरलाच दिलं.

एका शोरूममधे (नाव विचारू नका) सेल्सवाला म्हणे, मॅडम इथं एसीत बसतील, सर तुम्ही एकटेच चक्कर मारून या. अरे पण गाडी दोघांसाठी घेतोय ना? आम्ही सरळ उठलो आणि दुसरीकडे गेलो, तिथल्या पोरानं काही न बोलता दोघांना जाऊ दिलं. तुम्हीही हेच करा, आणि गुळगुळीत रोडवर नको, स्पीड ब्रेकरवाल्या गल्लीत न्या. मागच्याचे गुडघे किती वर येतात, ब्रेक मारला की हेल्मेटला हेल्मेट आपटतं का, घसरून पुढं येतं का, हे ब्रोशरमधे नसतं.

आता गाडीबद्दल. आम्ही मीटिअरचं सुपरनोव्हा हे व्हेरियंट घेतलं कारण मागं टेकायला बॅकरेस्ट आणि पुढं विंडस्क्रीन कंपनीकडूनच येतं. सीट ७६५ मिमी, म्हणजे माझे दोन्ही पाय पूर्ण टेकतात, सिग्नलला १९१ किलोची गाडी, प्लस बायको, प्लस सॅडलबॅग, तरी टेन्शन नाही. बॅकरेस्ट किती कामाचा ते नाशिकला जाताना कळलं, नारायणगावच्या पुढं पाठीवर काहीतरी टेकलं, बघतो तर बाईसाहेब झोपलेल्या! मी घाबरून गाडी बाजूला घेतली, चहा पाजला आणि आता दर तासाला थांबायचंच असा नियम केलाय.

स्पीडवाल्यांनी लांब राहा. २० बीएचपी पॉवर आणि २७ एनएम टॉर्क, त्यावर मी ८२, ती ६४ आणि १५ किलो सामान, करा हिशोब. ८०-८५ ला मस्त धपधप चालते, त्याच्या वर ओव्हरटेक करायचा तर गिअर खाली टाकून समोरचा रोड मोकळा आहे ना ते दोनदा बघायचं. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर टू व्हीलरला तसंही बंदी, मुंबईला जुन्याच हायवेनं जायचं, आणि ताम्हिणी घाटात ८० च्या वर जाणाऱ्याला काय म्हणायचं ते मी इथं लिहीत नाही.

एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका, पहिली ट्रिप एकट्याच्या सेटिंगवर मारली. मागच्या शॉकअपला प्रीलोडच्या (म्हणजे स्प्रिंग किती घट्ट ठेवायची त्याच्या) ६ स्टेप आहेत, पाना लावून फिरवायचं, दोघं आणि सामान असेल तर वर घ्या आणि टायरमधे हवा मॅन्युअलमधे पिलियनसाठी, म्हणजे मागं माणूस असताना, दिलीय तेवढी भरा. हे केल्यावर वाईच्या रोडला तीच गाडी वेगळी वाटली. आणि सॅडलबॅगला स्टे (बॅग चाकापासून लांब धरणारा दांडा) लावाच, नाहीतर बॅग आत चाकाकडे जाते.

मीटिअरसारख्या क्रूझरमधे चालवणाऱ्याचे पाय पुढं असतात, त्यामुळं खड्डा आला की पायावर उभं राहता येत नाही, दणका डायरेक्ट माकडहाडाला. पुण्यात नाना पेठेत जाऊन सीटचा फोम बदलून घ्यायचाय. फक्त माझ्या. मागच्या सीटला हात लावायचा नाही असं घरून सांगितलंय.