आरमधलं 'ऑर्डिनल' पॅकेज: गुणांच्या डेटासाठी सीएलएमएम कसं आहे?

१ ते ५ गुणांची सरासरी काढणं म्हणजे १ ते २ आणि ४ ते ५ ही अंतरं सारखी मानणं. तसं मानायचं नसेल आणि एकाच परीक्षकाने अनेकदा गुण दिले असतील, तर रुने क्रिस्टेन्सन यांच्या या मोफत पॅकेजमधलं (आर या सांख्यिकीच्या संगणक-भाषेसाठीचं) सीएलएमएम (clmm, क्रमवार गुणांसाठीचं मिश्र मॉडेल) हे फंक्शन आमची पहिली निवड आहे.

सोबत येणारा 'वाइन' डेटा चालवून बघा: ९ परीक्षक, प्रत्येकी ८ बाटल्या, कडवटपणाचे ७२ गुण. मॉडेलमध्ये तापमान (थंड/उबदार) आणि द्राक्षाच्या सालीशी संपर्क हे दोन्ही घ्या. परीक्षक न धरता तापमानाचा गुणांक (परिणामाचा आकडा) २.५० येतो, परीक्षक रँडम धरला (म्हणजे प्रत्येकाचा कल वेगळा असू दिला) की ३.०६, आणि परीक्षकांमधलं प्रमाण विचलन १.१३. काही परीक्षक मुळातच कडक असतात, ते वेगळं काढल्यावर एकाच परीक्षकापुरता तापमानाचा जोर दिसतो. अर्थ लावताना शक्यतेत बदला. २ आणि ३ मधला उंबरठा (मॉडेलच्या मोजपट्टीवरची या दोन गुणांमधली सीमा) १.५१ आहे, म्हणून सरासरी परीक्षकाकडून ३ किंवा जास्त गुण मिळण्याची शक्यता थंडमध्ये १८ टक्के, उबदारमध्ये ८२ टक्के (द्राक्षाच्या सालीशी संपर्क नसताना). या पॅकेजमध्ये हे हाताने करावं लागतं, कारण सीएलएमएमला प्रेडिक्ट (शक्यता काढून देणारं फंक्शन) नाही. ही उणीव खटकते.

सगळ्यात घातक चूक मॉडेलच्या आधी होते. उत्तरं मराठी शब्दांत असतील तर फॅक्टर (ठरलेल्या गटांचा चल) करताना आर त्यांना अक्षरानुक्रमे लावतं: असहमत, तटस्थ, पूर्ण असहमत, पूर्ण सहमत, सहमत. मॉडेल निमूट चालतं आणि निकाल निरर्थक येतो. लेव्हल्सचा (गटांचा) क्रम स्वतः लिहून द्याच. गुण नुसते आकडे म्हणून दिले तर निदान एरर तरी येते.

निकालात दिसणारा हेसियनचा कंडिशन नंबर (गणित किती डळमळीत आहे ते सांगणारा आकडा) १० लाखांच्या पुढे गेला, तर आधी उत्पन्नासारखे मोठ्या आकड्यांचे चल स्केल करा (लहान आकड्यांत आणा). एखादा गुण दोन-चारदाच आला असेल, तर शेजारच्या गुणात मिसळा.

मोठी मर्यादा अशी, की प्रत्येक उंबरठ्यावर परिणाम सारखाच असतो हे गृहीतक सीएलएमएममध्ये सैल करता येत नाही. हे गृहीतक तपासणारी नॉमिनल टेस्ट फक्त साध्या सीएलएमवर (रँडम परिणाम नसलेल्या मॉडेलवर) चालते, तीही परीक्षकाशिवाय. तिचा निकाल आम्ही इशाऱ्यापुरताच धरतो. जुन्या सीएलएमएम२ मध्ये गृहीतक सैल करायची सोय आहे, पण रँडम परिणाम एकच. परीक्षक आणि वस्तू दोन्ही रँडम हवे असतील आणि गृहीतकही मोडत असेल, तर बीआरएमएस (brms) या आरमधल्याच बेझियन पॅकेजकडे वळा. वेळ जास्त लागतो, पण तिथे हात इतके बांधलेले नसतात.