अँटकाँक : अकरावीच्या निबंधांवर काही महिने वापरल्यानंतर

साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. मुलांच्या लेखनावर संशोधन करायचं म्हटल्यावर स्टाफरूममधल्या एका सरांनी विचारलं, "मॅडम, निबंध वाचायचे असतात, मोजायचे कशाला?" रास्त प्रश्न. पावसाळ्यापासून अँटकाँक वापरतेय. जपानच्या वासेदा विद्यापीठातल्या लॉरेन्स अँथनी यांनी बनवलेलं, मजकुरातले शब्द शोधून-मोजून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

मराठीसाठी पहिलं काम म्हणजे टोकन डेफिनिशन, म्हणजे कुठली चिन्हं शब्दाचा भाग धरायची ती सेटिंग, बदलणं. तिथे फक्त 'लेटर' निवडलेलं असेल तर काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे अक्षरांत धरले जात नाहीत आणि 'शिक्षण'चे 'श', 'क', 'षण' असे तुकडे पडतात. 'मार्क' (म्हणजे हीच चिन्हं) सुद्धा निवडायचं, मग शब्द अखंड राहतात. दुसरी गोम अर्ध्या र ची. 'करणाऱ्या' मधला ऱ्या दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत मध्ये न दिसणारा जोडचिन्हाचा कोड असतो, तिथे शब्द तुटतो आणि शेवटचा 'या' सुटा मोजला जातो. फाइली आधीच फाइंड-रिप्लेसने एकसारख्या करून घ्या. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेणार असाल तर युनिकोडच हवं हे आधी बजावा.

विभक्तीचं दुखणं आहेच. शाळा, शाळेत, शाळेच्या हे यादीत वेगवेगळे शब्द. 'शाळ*' असं शोधलं की सगळे एकत्र येतात, सोबत शाळकरी आणि शाळिग्रामही येतात!

कीवर्ड लिस्टबद्दल, म्हणजे इतर मजकुराच्या तुलनेत जास्त आलेल्या शब्दांच्या यादीबद्दल, मी फार आशेने होते. एका वर्गाला कास पठारावरच्या गर्दीवर लिहायला दिलं होतं. बाकीच्या निबंधांशी तुलना केल्यावर वर काय आलं? पठार, फुलं, पर्यटक. विषयच तो, दुसरं काय येणार! लेखनाची धाटणी बघायची तर विषय सारखा ठेवून तुलना करावी लागते आणि निबंध लहानमोठे असल्याने आकडे दर हजार शब्दांमागे काढावे लागतात.

खरी कमाल केडब्ल्यूआयसीची (की वर्ड इन कॉन्टेक्स्ट). शोधलेला शब्द मध्ये आणि दोन्ही बाजूंचा मजकूर ओळीने समोर. 'त्यामुळे' भरपूर दिसला तेव्हा वाटलं, पोरं कारणमीमांसा करतायत. ओळी वाचल्यावर चित्र पालटलं. 'कासला खूप फुले असतात. त्यामुळे आपण स्वच्छता राखली पाहिजे.' इथे मागच्या वाक्यातून पुढचं निघतच नाही. परिच्छेद पुढे ढकलायला शब्द वापरलाय. आकड्याने फक्त कुठे बघायचं ते दाखवलं.

मग प्रत्येक 'त्यामुळे'ला 'खरा संबंध' किंवा 'नुसता सांधा' असं लेबल लावायचं ठरलं. इथे सॉफ्टवेअर मागे राहतं आणि संशोधनपद्धती सुरू होते. 'खरा' कधी म्हणायचं याचे नियम लिहून काढले. सहकारी मॅडमना त्याच ओळी माझी लेबलं न दाखवता दिल्या आणि मग दोघींची लेबलं कितपत जुळतात ते सांगणारा आकडा, कोहेनचा कप्पा, काढला. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेलं हे माप योगायोगाने झालेलं एकमत वजा करतं. समजा 100 वाक्यांपैकी 80 वर दोघींचं जमलं, पण दोघींनीही प्रत्येकी 80 वाक्यांना 'खरा' म्हटलंय. मग 68 वाक्यं निव्वळ योगायोगानेच जुळली असती आणि कप्पा येतो जेमतेम 0.38 (पूर्ण एकमत म्हणजे 1). टक्केवारी बघून खूश होणाऱ्यांनी हे एकदा कागदावर करून बघावं. कप्पा कमी आला की आम्ही नियमच पुन्हा लिहायचो. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये हे सूत्र फळ्यावर पाहिलं होतं, ते कशाला लागतं हे या भांडणांत कळलं.

खटकतं ते एवढंच की ही लेबलं लावायची सोय अँटकाँकमध्ये नाही. ओळी सेव्ह करून स्प्रेडशीटमध्ये न्यायच्या, तिथे कॉलम करायचा. कप्पाही तिथेच. पाच-दहा निबंधांसाठी मात्र या फंदात पडू नका, लाल पेनाने काम भागतं. एम.ए., बी.एड.च्या प्रकल्पाला किंवा पीएच.डी.ला बेलाशक घ्या. मुलांची नावं फाइलींतून आधी काढा आणि मूळ हस्तलिखितं फेकून देऊ नका, टाइप करणारा शुद्धलेखन परस्पर सुधारून ठेवतो.