गुडघ्याखालचा कृत्रिम पाय, पिन लॉकवाला : रोज वापरणारीचा रिव्ह्यू

ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि जे रात्र रात्र कार्बन फायबरच्या पायांचे व्हिडिओ बघत बसलेत त्यांना आधीच सांगते, पाऊल कुठलं घ्यायचं ते नंतर बघा, आधी सॉकेट. पावलाला माझ्याकडून पाचपैकी चार, लायनरला, म्हणजे आत घालायच्या सिलिकॉनच्या मोज्याला, साडेतीन, पहिल्या सॉकेटला एक (तो पण लाजेखातर) आणि दुसऱ्याला साडेचार. सॉकेट म्हंजे वरचा तो कडक भाग ज्यात आपला उरलेला पाय, ज्याला सगळे स्टंपच म्हणतात, तो जातो. तो नीट बसत नसेल तर खाली कितीही भारी पाऊल लावा, दहा मिनिटांत खुर्ची शोधायला लागणार.

बऱ्याच जणांना वाटतं की सगळं वजन स्टंपच्या टोकावर येतं. तसं नसतं. वाटीच्या खाली जो जाड पट्टा हाताला लागतो तिथे आणि आजूबाजूच्या मऊ भागावर भार घ्यायचा आणि हाडाच्या कडा, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं ते छोटं टेंगूळ, ही ठिकाणं मोकळी सोडायची, अशी ती रचना. म्हणजे मिलिमीटरचा खेळ आहे. माझ्या पहिल्या सॉकेटमध्ये नेमकं ते टेंगूळच दाबलं जायचं. पाय बनवणाऱ्या सेंटरवाल्यांना सांगितलं तर उत्तर ठरलेलं, "ताई, सवय होईल." अहो सवय चपलेची होते, हाडाची काय होणार! पाय काढल्यावर लाली दहा-वीस मिनिटांत गेली पाहिजे, तशीच राहिली किंवा कातडी सोलवटली तर ती सवयीची गोष्ट नाही, सॉकेट चुकलंय. हे वाक्य पाठ करून जा आणि तिथे म्हणून दाखवा.

दुसरं सॉकेट दुसरीकडे केलं आणि तिथे फरक कळला. पाय बनवणाऱ्या मॅडमनी आधी पारदर्शक प्लास्टिकचं ट्रायलचं सॉकेट बनवलं, मला त्यात उभं केलं आणि स्वतः टॉर्च घेऊन जमिनीवर बसल्या. जिथे जास्त दाब तिथली कातडी पांढरी पडते ते आरपार दिसत होतं, मार्करने तिथे गोल केला, हीट गनने प्लास्टिक मऊ करून आतून बाहेर ढकललं आणि परत घालायला लावलं, मग परत तेच, मी कंटाळले पण त्या नाही कंटाळल्या. मग खालचे छोटे स्क्रू अ‍ॅलन कीने जरा जरा फिरवत मला चालवून बघितलं. साडेचार मार्क त्या बैठकीचे आहेत. जिथे ट्रायल सॉकेट न करता डायरेक्ट फायनल हातात देतात तिथे जरा विचार करूनच जा.

आता लायनर. सिलिकॉनचा जाड मोजा, उलटा करून स्टंपला टेकवायचा आणि वर गुंडाळत न्यायचा, आत हवा राहता कामा नये आणि त्याच्या खालच्या टोकाची पिन सरळच हवी. मग सॉकेटमध्ये पाय घालून उभं राहायचं, पिन सॉकेटच्या तळाशी अडकत जाते, टक टक टक आवाज येतो, लॉक झालं. काढताना बाजूचं बटण दाबायचं. हे लायनरचं प्रकरण १९८६ च्या सुमाराला आइसलँडच्या ओसुर क्रिस्टिन्सनने बाजारात आणलं, आणि कार्बनचं स्प्रिंगी पाऊल अमेरिकेच्या व्हॅन फिलिप्सने शोधून काढलं, त्याचा स्वतःचा पाय १९७६ मध्ये वॉटर स्कीइंग करताना गेला होता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय. लायनरला साडेतीनच का, तर घाम. सिलिकॉनमधून हवा जात नाही, उकाड्यात खाली घाम साचतो आणि लायनर घसरायला लागतो. मधेच कुठेतरी आडोशाला जाऊन काढा, पुसा, परत घाला. रात्री साध्या साबणाने धुवायचा, साबण राहिला तर पुरळ उठतं.

स्टंप एकाच मापाचा राहत नाही हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. पहिलं वर्षभर तर बारीक होतच राहतो, आणि रोजसुद्धा सकाळी फुगलेला, संध्याकाळी उतरलेला. त्यासाठी लायनरवरून घालायचे, पिनसाठी भोक असलेले वेगवेगळ्या जाडीचे मोजे मिळतात, पर्समध्ये कायम दोन ठेवा. टक आवाज कमी आले म्हणजे पाय पूर्ण आत गेला नाही, मोजा कमी करा. उलट पाय खोल गेल्यासारखा वाटला आणि टोकाला लागायला लागलं तर वाढवा. त्यामुळे पहिल्याच सॉकेटवर सगळे पैसे उधळू नका, ते बदलावं लागणारच आहे.

पाऊल छान आहे. साध्या रबरी टाचेच्या पावलापेक्षा पुढे ढकललेलं जाणवतं, उतारावर पण बरं पडतं. एक मार्क कापलाय तो बुटांसाठी. एका टाचेच्या उंचीला अलाइनमेंट, म्हणजे स्क्रू फिरवून पायाचा कोन, सेट केली की तीच उंची, जरा उंच टाच घातली की गुडघा पुढे ढकलला जातो आणि अनवाणी उभं राहिलं की मागे. चपलांच्या दुकानात आता मी आधी टाच मोजते, रंग मागाहून.

नसलेली बोटं दुखणं, खाजणं याला पाय जबाबदार नाही, ते मेंदूचं आणि नसांचं काम. मला आरशासमोर धडका पाय हलवायचा व्यायाम दिला होता, रामचंद्रन या न्यूरोसायंटिस्टमुळे हा प्रकार माहीत झाला. मला थोडा फायदा झाला, वॉर्डातल्या एका काकांना काहीच नाही. आणि रात्री पाय काढून झोपता तेव्हा कुबड्या पलंगाला लागूनच ठेवा, झोपेत पाय आहे असंच वाटतं आणि माणूस सरळ उतरायला जातो.

शेवटची तक्रार लॉकची. मोज्याच्या भोकाचा दोरा सुटून पिनबरोबर आत गेला की बटण दाबून पण पाय निघत नाही. मोजा घालताना पिनच्या आसपास दोरा, केस काही नाही ना ते बघा आणि लॉक अधूनमधून सेंटरला साफ करून घ्या, घरी तेल घालू नका.