बाळाची गादी: कापूस, लॅटेक्स की काथ्या?

बाळासाठी नैसर्गिक अंथरूणच घ्यायचं असं ठरलं, की निवड शेवटी तीन गाद्यांवर येऊन ठेपते: कापूस, नैसर्गिक लॅटेक्स (रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेला फोम) आणि काथ्या. दोन मुलांच्या निमित्ताने आमच्या घरात या तिन्ही वापरात आल्या, त्यामुळे थोडं अनुभवाने बोलता येतं. पूर्ण लोकरीची गादी मी यात धरलेली नाही. लोकर गुणी आहे, पण तान्ह्या बाळाखाली ती मऊ पडते.

हा मऊपणाचा मुद्दा आधीच स्पष्ट केलेला बरा. गादी कशाची आहे यापेक्षा ती घट्ट आणि सपाट आहे का, हे आधी बघायचं. अमेरिकेत 1994 मध्ये बाळाला पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक बालमृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2022 मध्ये सुधारलेल्या सूचनांमध्येही तोच आग्रह आहे: पाठीवर झोप, घट्ट सपाट गादी, वर घट्ट बसणारी चादर आणि बाकी काही नाही. सेंद्रिय कापसाची उशी असली तरी ती उशीच. मेंढीचं कातडं, कडेचे गुबगुबीत लोड, सैल पांघरूण यांनाही तोच नियम. थंडी असेल तर अंगात घालायची झोपपिशवी पुरते.

आमची सुरुवात कापसाने झाली. कापसाबद्दल मला आजही माया आहे. स्पर्श ओळखीचा, नव्या गादीलाही उग्र वास नाही. पण कापूस बसतो. बाळ रोज एकाच जागी निजतं, तिथे हळूहळू खळगा पडतो. मोठ्यांना खळग्याने फार तर पाठ दुखेल. ज्याला अजून मान नीट वळवता येत नाही, त्याचं नाक त्या खळग्यात टेकू शकतं. गादी उलटसुलट करत राहिलं तर हे लांबतं, टळत नाही.

लॅटेक्स या बाबतीत फार सरस. लॅटेक्स बनवण्याच्या दोन पद्धती आहेत, डनलॉप आणि तलाले. त्यातलं विशेषतः डनलॉप पद्धतीचं, कारण ते तलाले पद्धतीच्या लॅटेक्सपेक्षा घट्ट असतं. तळव्याने दाबून हात उचलला की खूण उरत नाही. सुरुवातीला रबराचा गोडसर वास येतो, तो उघड्या हवेत उतरतो. घरात कुणाला लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं, आणि हे काथ्याच्या गादीलाही लागू आहे, कारण तिचे धागे बहुधा लॅटेक्सनेच बांधलेले असतात.

इथपर्यंत माझं मत लॅटेक्सकडेच होतं. ते फिरवलं ओलाव्याने.

गादीवर जलरोधक थर आहे हे गृहीत धरूनच सांगतो. तो थर मधला भाग वाचवतो, पण रात्री डायपर गळला की ओल कडेकडे सरकते आणि शिवणीतून, चेनमधून आत उतरते. पहाटे झोपेत चादर बदलताना ते दिसत नाही. दुसऱ्या दिवशी वास आला की कळतं. कापसाची गादी अशी भिजली की वरून कोरडी आणि आतून ओली राहते. उन्हात तापवून वाळवली तरी गोळे होतात आणि शेवटी कापूस पिंजूनच घ्यावा लागतो. लॅटेक्सची अडचण वेगळी. आत गेलेलं पाणी ते सोडत नाही, पिळायला गेलं तर फाटण्याची भीती, आणि उन्हात ठेवायची सोय नाही, कारण उन्हाने लॅटेक्स कडक होऊन त्याचा भुगा पडू लागतो. मग ती जड गादी सावलीत, पंख्याखाली. दिवस मावळला तरी मधला भाग हाताला गार लागायचा, आणि आज बाळाला झोपवायचं कशावर हा प्रश्न तसाच उभा असायचा. ज्या घरात रात्रीची झोप आधीच तुटलेली असते, तिथे हा त्रास लहान नाही.

काथ्याच्या बाबतीत हे घडलं नाही. नारळाच्या सोडणाच्या या धाग्यात लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा घटक) भरपूर, म्हणून तो दमटपणाने सहज कुजत नाही. पीळ दिलेल्या धाग्यांवर लॅटेक्स फवारून, तापवून तक्ता करतात, आणि धाग्यांमधल्या मोकळ्या जागेतून हवा खेळत राहते. खोळ धुवायला टाकली, गादी पुसून खिडकीशी उभी केली, की संध्याकाळच्या आत ती कोरडी. वासही राहत नसे. हे मी हाताने आणि नाकाने ठरवलंय, यंत्राने मोजलेलं नाही.

काथ्यात उणं काही नाही असं नाही. उघडा धागा टोचतो, म्हणून वर लोकरीचा किंवा कापसाचा पातळ दाबलेला थर गादीतच शिवलेला हवा. तो वेगळा आणून वरून पसरू नये. बाळ कुशीवर वळलं की बारीक करकर ऐकू येते. कडांमधून थोडा भुसाही पडतो. तुमच्याकडे हवा कोरडी असेल आणि त्याच मापाची दुसरी गादी हाताशी असेल, तर लॅटेक्स घेण्यात काही वावगं नाही. ते टिकतंही जास्त. एकाच गादीवर भागवायचं असेल, तर मी काथ्याच सुचवेन.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. सेंद्रिय कापूस आणि लोकरीसाठी गॉट्स (GOTS), सेंद्रिय लॅटेक्ससाठी गोल्स (GOLS). ओको-टेक्स स्टँडर्ड 100 या कापडाच्या तपासणी-प्रमाणपत्रामध्ये तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पहिला वर्ग असतो, पण तो घातक रसायनं तपासतो, माल नैसर्गिक असल्याची हमी देत नाही. कृत्रिम फोमलाही तो मिळू शकतो. जलरोधक थर पूर्ण नैसर्गिक हवा म्हणून लोकरीचा घेणार असाल, तर त्याला अधूनमधून लॅनोलिन (लोकरीतलंच मेण) द्यावं लागतं आणि गरम पाण्यात तो आटतो. आम्ही कापडावर पातळ पॉलियुरेथेन, म्हणजे एक कृत्रिम प्लास्टिक, असलेला घेतला. तेवढी तडजोड मला चालली.

काथ्याची गादी वापरलेली मिळत असेल, तर मधोमध आणि कडेला आलटून पालटून दाबून बघा. जुना काथ्या ठिसूळ होऊन आतल्या आत तुटतो, आणि खोळीवरून ते दिसत नाही. मधे हात जास्त खोल जात असेल, तर ती गादी घेऊ नका. गादी आणि पाळण्याची चौकट यांच्यात दोन बोटांहून जास्त फट राहत असेल, तरीही नको.