एन्क्लेक्स-पीएनचा एक प्रश्नसंच: औषधांत पक्का, अधिकारकक्षेत कच्चा

अ‍ॅपचं नाव मुद्दाम घेत नाही. अमेरिकेत एलपीएनच्या, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्सच्या, लायसन्ससाठी (टेक्सास आणि कॅलिफोर्नियात यालाच एलव्हीएन म्हणतात) जी एन्क्लेक्स-पीएन ही परीक्षा द्यावी लागते, तिच्या तयारीचा हा मोबाइलवरचा सशुल्क संच.

औषधांचा भाग पैसे वसूल करतो. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचंच बघा. नाडी मनगटावर नाही, छातीवर ऐकायची, पूर्ण एक मिनिट. प्रौढाची ६० च्या खाली गेली तर डोस थांबवून कळवायचं. एवढं कुठलंही गाइड सांगतं. इथे पुढचा प्रश्न येतो: रुग्णाला फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं, पोटॅशियम घटवणारं औषध) चालू, पोटॅशियम ३.१ म्हणजे कमी, भूक मेलेली, दिव्यांभोवती पिवळी वलयं, नाडी मात्र ६४. नुसता ६० चा आकडा पाठ केलेला इथे डोस देऊन मोकळा होतो आणि फसतो. पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनची विषबाधा व्हायचा धोका वाढतो, हे त्या एका प्रश्नात डोक्यात बसतं.

इन्सुलिनचा क्रमही नीट दिलाय. आधी हवा गढूळ एनपीएचच्या (मध्यम वेळ चालणारं इन्सुलिन) बाटलीत, मग रेग्युलरच्या (लवकर काम करणारं, स्वच्छ दिसणारं). ओढताना मात्र रेग्युलर आधी. रेग्युलरच्या बाटलीत एनपीएचचा थेंबही जाऊ नये म्हणून हा उपद्व्याप, हे कारणही सोबत आहे. ग्लार्जिन हे दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन कशातच मिसळायचं नाही.

डोसचं गणित: मूल ४४ पौंडांचं, अ‍ॅसिटामिनोफेन किलोला १५ मिलिग्रॅम, सिरप ५ मिलीत १६० मिलिग्रॅम. ४४ भागिले २.२ म्हणजे २० किलो, ३०० मिलिग्रॅम, ९.३७५ मिली, एक दशांश मागितला असेल तर ९.४. पौंडांचे किलो करायला विसरलात की डोस थेट ६६० मिलिग्रॅमवर जातो. भारतात शिकून गेलेल्यांनी एक वेगळी यादी स्वतःच करावी: अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल, एपिनेफ्रिन म्हणजे अ‍ॅड्रेनलिन. अ‍ॅपमध्ये ती नाही.

खरी गोची पुढे आहे. कामवाटपाचे प्रश्न उघडउघड आरएनच्या (रजिस्टर्ड नर्स, एलपीएनच्या वरचा दर्जा) संचातून उचललेत. मधुमेहाचं निदान कालच झालेल्या रुग्णाला इन्सुलिन टोचायला पहिल्यांदा कुणी शिकवायचं? अ‍ॅप म्हणतं, तुम्ही. पीएनच्या परीक्षेत हे चूक. पहिलं शिकवणं आणि पहिलं असेसमेंट आरएनचं. पीएनने माहिती गोळा करायची, शिकवलेलं पक्कं करून घ्यायचं आणि प्रकृती स्थिर असलेले रुग्ण सांभाळायचे. याच विभागाला, कोऑर्डिनेटेड केअरला (कोणतं काम कुणी करायचं, याचे प्रश्न), पेपरात मोठा वाटा असतो, त्यामुळे इथे चुकीची सवय लागली तर महागात पडते. हा विभाग सरळ बंद ठेवा.

गुणपद्धतही शिळी. एप्रिल २०२३ पासून ‘लागू असतील ते सर्व निवडा’ प्रकारात अर्धवट गुण मिळतात: तीन बरोबर, एक चूक, तर दोन गुण, शून्याच्या खाली मात्र जात नाही. अ‍ॅप अजून सगळं नाहीतर काहीच नाही, याच हिशोबाने चालतं, त्यामुळे माणूस उगाच खचतो. शेवटी दिसणारी टक्केवारीही मनावर घेऊ नका. खरी परीक्षा ८५ ते १५० प्रश्नांची, पाच तासांची, आणि उत्तरं बरोबर येत गेली की प्रश्न अवघड होत जातात. तिथे टक्क्यांवर पास-नापास ठरत नाही. आणि हो, इथे मागे जाऊन उत्तर बदलता येतं. तिथे येत नाही.

घ्यायचाच असेल तर एका महिन्यापुरता घ्या, औषधं आणि गणितं संपवा, केस स्टडीसाठी (एकाच रुग्णावरचे सलग प्रश्न) दुसरं काहीतरी बघा.